पाच एमएलची रेघ

आठवडी बाजारात जिजाबाईच्या तराजूची दांडी सरळ राहिलेली आजवर कोणी पाहिली नव्हती. मंगरूळपीरच्या त्या बाजारात आता ज्याच्या-त्याच्यापुढे लाल आकड्यांचे काटे आले होते, पण जिजाबाईने सासूच्या वेळचा हातातला तराजू काही सोडला नाही. पावशेर मिरची घ्या की किलोभर वांगी, मालाचं पारडं पोत्याला टेकल्याशिवाय तिचा हात थांबत नसे. टेकल्यावरही पिशवीत ओतताना वर एखादं वांगं, चार मिरच्या, कोथिंबिरीच्या दोन काड्या जायच्याच. नवरा पुंजाजी कुरकुरायचा, "मळा आपन आपल्यासाठी करून राह्यलो का साऱ्या तालुक्यासाठी?" त्यावर जिजाबाई म्हणायची, "नुसती पिशवी भरून भागत नाई. घेनाराचं मन भरलं पाह्यजे." पुंजाजी मग बिडी शोधायला उठायचा.

उज्ज्वला त्यांची एकुलती एक. सात-आठ वर्षांची असल्यापासून सुट्टीत आईशेजारी पोत्यावर बसून तोलायला शिकली. "दांडी सरळ झाली म्हंजे अर्धंच काम झालं, आता वर टाक," हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. पोरगी हुशार निघाली. बारावी करून तालुक्याच्याच गावी नर्सिंगच्या शाळेत एएनएमला लागली आणि बघता बघता दुसरं वर्ष सरत आलं. पांढरा ड्रेस घालून ती सकाळच्या एसटीला उभी राहिली की जिजाबाई मेथी उपटता उपटता मान वर करायची, आणि एसटी वळणाआड जाईपर्यंत हातातली जुडी काही बांधून व्हायची नाही. आपली पोर उद्या उपकेंद्रात बसेल, लोक तिला सिस्टर म्हणतील, एवढं एकच सुख तिने देवाकडे मागितलं होतं आणि ते जवळपास दाराशी येऊन उभं होतं.

संक्रांत आठ दिवसांवर आलेली. ऊन उतरलं होतं आणि जिजाबाई विहिरीजवळच्या हौदात मुळे धूत होती. पाणी असं गार की बोटांची शुद्ध गेलेली. उज्ज्वला आली ती बूट न काढता हौदाच्या कडेवर बसली.

"काय झालं वं?"

"काई नाई."

जिजाबाईने दोन मुळे धुतले, बाजूला ठेवले, मग ओल्या हातानेच पोरीची पिशवी उचलून बघितली. "काई नाई म्हंतेस आन् डबा तसाच भरलेला हाये."

उज्ज्वलाने खाली बघितलं. "औषधाच्या स्टेशनात झिरो भेटला."

जिजाबाईला स्टेशन म्हणजे जऊळक्याचं रेल्वेचं ठाऊक, जिथे लहानपणी बापाबरोबर ती एकदा गाडी बघायला गेली होती. पोरीला मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. शाळेत लेखी पेपर वेगळा, हजेरी वेगळी, दवाखान्यात केलेल्या कामांच्या वहीत सह्या वेगळ्या. आणि हाताच्या कामाची परीक्षा त्याहून वेगळी. हॉलमध्ये दहा टेबलं मांडतात, त्यालाच स्टेशन म्हणायचं. दर टेबलावर एक काम, सात मिनिटं. मॅडम कागद घेऊन बाजूला उभ्या राहतात. कागदावर त्या कामाच्या साऱ्या पायऱ्या लिहिलेल्या. हात धुतले की एक खूण, लेकराचं नाव विचारलं की एक खूण, बाटलीवरची तारीख वाचली की एक खूण.

"लेखीत मी पह्यली हाये, आई. हजेरी भरली, वहीत साऱ्या सह्या हायेत. पन एकेका पायरीपुढं चांदणी काढलेली रायते. थे चुकली का बाकी कितीबी खुणा असो, टेबलाचं सारंच झिरो. आन् औषधाच्या टेबलावर झिरो असन तं शाळा परीक्षेचा फॉर्मच भरत नाई."

"मंग तुही कोनती चुकली?"

"तापाचं औषध कपात पाच एमएल ओताचं होतं. पाचाच्या रेघेले बरोबर आलं होतं. अन् मंग..." उज्ज्वलाने बुटाची नाडी ओढली. "मंग वर थोडंसं गेलं. मले समजलंच नाई. मॅडमनं आनखीन एकदा ओताले लावलं, तवाबी गेलं."

जिजाबाईला आधी हसूच आलं. "बाप्पा! जास्त देल्लं म्हनून झिरो? कमी देल्लं असतं तं समजलो असतो आमी."

"हसू नको. पंधरा दिवसांनी एक चान्स हाये, एकच. त्यात चुकलं तं सहा महिने घरी. रीता आन् बाकीच्या साऱ्या पोरी पुढं जातीन आन् मी मागच्या बॅचच्या बाकावर बसन."

तेव्हा जिजाबाईचं हसू मावळलं. तिने उरलेले मुळे धुतले. एकही नीट धुतला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने धुतलेलं लुगडं नेसलं, मेथीच्या दोन टपोऱ्या जुड्या निवडल्या आणि लेकीबरोबर एसटीत बसली. पुंजाजी मागून ओरडला, "भाजी कायले नेतेस? लाच म्हंतीन थे लोकं!"

"लाच कायची? कोनाच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ काय?"

शाळा एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होती. हॉलमध्ये खाटा, खाटांवर रबरी बाहुल्या पांघरूण घेऊन निजलेल्या. स्नेहा मॅडम वयाने जिजाबाईच्या धाकट्या बहिणीएवढ्या, चष्मा लावलेल्या, शांत. जिजाबाईने जुड्या टेबलावर ठेवल्या आणि एका दमात बोलून टाकलं, "मॅडम, पोरीनं काई चोरी नाई केली. उलटं वरून देल्लं तिनं. आमच्या घरची रीतच हाये थे."

मागे उभ्या असलेल्या पोरी फिस्सकन हसल्या. उज्ज्वला भिंतीकडे बघू लागली. जिजाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपण बोललो त्यात हसण्यासारखं काय होतं हे तिला कळेना, पण पोरीची मान आपल्यापायी खाली गेली हे बरोबर कळलं.

मॅडम हसल्या नाहीत. "मावशी, मेथी तिकडे खिडकीत ठेवा आणि जाताना घेऊन जा. विद्यार्थ्यांच्या घरचं काही घेता येत नाही मला. आता इथे बसा."

त्यांनी जिजाबाईपुढे औषधाच्या बाटलीवर असतो तसा इवलासा कप ठेवला आणि लाल पाण्याची बाटली दिली. "या पाचच्या रेघेपर्यंत ओता."

यात काय मोठं? जिजाबाईने ओतलं. मॅडमनी ते सिरिंजमध्ये ओढून दाखवलं. साडेसहा. पुन्हा ओतलं. सहा. तिसऱ्या वेळी तिने दात दाबून धरले, रेघेला पाणी लागलं तसा हात थांबवला. थांबवला असंच तिला वाटलं. पण मनगट आपलं आपणच वळलं आणि वर चार थेंब टाकून मोकळं झालं. जिजाबाई आपल्याच हाताकडे बघत राहिली.

"एकदा एवढं जास्त गेलं तर फार काही होत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तान्ह्या लेकराला दिवसातून चार वेळा, तीन-तीन दिवस, दर वेळी वरून गेलं तर? लिव्हर केवढंसं असतं त्याचं? आणि सगळी औषधं काही तापाची नसतात. काही अशी असतात की अर्धा एमएल वर गेलं तर लेकरू हातचं जाईल."

जिजाबाईने कप हळूच पुढे सरकवला.

"उज्ज्वला माझ्या वर्गातली सगळ्यात चांगली मुलगी आहे. पेशंटशी बोलते तशी दुसरी कोणी बोलत नाही. म्हणूनच त्या चांदणीच्या पायरीवर मी उगीच खूण केली नाही. आज मी डोळे मिटले तर उद्या तिला कोण सांगणार?"

परतीच्या एसटीत जिजाबाई मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन एकटीच बसली होती. राग कोणावर काढावा हे तिला समजत नव्हतं. मॅडमवर काढावा तर बाई खरं बोलली होती.

संध्याकाळी पुंजाजी मात्र तावातावाने बोलू लागला. "कायची शाळा थे! चार थेंबासाठी पोरीचं साल बुडवतीन काय? मी येतो उद्या, पायतो कोन मॅडम हाये थे."

"तुमी कुठंच जाऊ नका," जिजाबाई चुलीपुढून म्हणाली. "पावसाळ्यात वांग्यावर फवारनी कोन केलती?"

पुंजाजीने भाकरीचा तुकडा मोडता मोडता हात थांबवला.

"पंपाले एक टोपन टाका म्हनून बाटलीवर लिवलं होतं. तुमी दीड टाकलं. मी इचारलं तं म्हनले, एवढंसं वर असू दे. वांग्याच्या चार ओळी करपल्या. झाडाले हात लावला तं पानं चुरून हातात येत होती."

"थे काढू नको आता."

"काढत नाई. पन पोरगी शाळेतून नाई शिकली हे. आपल्या घरून घेऊन गेली."

पुंजाजीने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मंग करावं काय?"

"वर काईच द्याचं नाई. पंधरा दिवस. घरात नाई, बाजारात नाई. तिच्या डोळ्यापुढं आपलेच हात असे सैल राह्यले तं तिचा हात कसा आवळन?"

ते पंधरा दिवस पुंजाजी जन्मभर विसरणार नाही. सकाळच्या चहात साखर चमच्याची, ती पण सुरीच्या पाठीने सपाट केलेली. पीठ वाटीने, वाटीवरून बोट फिरवून. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "च्या फिक्का हाये," तर मायलेकी दोघी एकदम म्हणाल्या, "बरोबर हाये." मिठाचंही तेच. खरं सांगायचं तर भाजी त्या दिवसांत चवीला उलट बरी लागत होती, पण हे कबूल करायला तो काही वेडा नव्हता. संक्रांतीला शेजारणी आल्या तेव्हा जिजाबाईने प्रत्येकीच्या हातावर एकच तिळाचा लाडू ठेवला. एरवी ती मूठ भरायची. शेजारणी एकमेकींकडे बघत निघून गेल्या.

सांजेला पालकाच्या वाफ्यांना पाणी देऊन झालं की उज्ज्वला विहिरीच्या काठी फळीवर कप ठेवून गुडघ्यावर बसायची. डोळे रेघेच्या बरोबरीला आणायचे, बाटली तिरपी करायची, आणि रेघ आली की तोंडाने मोठ्याने म्हणायचं, "थांब." पहिल्या दिवशी तिने थांब म्हटलं आणि हात पुढेच गेला. दुसऱ्या दिवशी विसातले सात बरोबर आले. गुडघ्यांना ढेकळं टोचून वळ उठले. जिजाबाई समोर उकिडवी बसून कपाकडे नाही, पोरीच्या मनगटाकडे बघायची. मनगटात एक शीर होती, वर टाकायच्या आधी ती उडायची. "उडली पाय," जिजाबाई म्हणायची, आणि उज्ज्वला हात ओढून घ्यायची. पाचव्या-सहाव्या दिवसापासून शीर उडायची कमी झाली.

घरातलं निभलं. बाजारातलं जड गेलं.

पहिल्या बाजाराला गोमतीबाई आली. तांड्यावरची म्हातारी, वीस वर्षांची ठरलेली गिऱ्हाईक. बाजारभर हिंडून शेवटी भाजी घ्यायला जिजाबाईपुढेच बसणार, घरातली सुखदुःखं सांगणार, मग उठणार. शाळा सुटून आलेली उज्ज्वलाही शेजारी बसली होती. जिजाबाईने पावशेर मिरची टाकली, दांडी सरळ झाली, एक मिरची जास्त वाटली ती काढली आणि पारडं पिशवीत ओतलं.

गोमतीबाईने पिशवीत बघितलं. मग जिजाबाईच्या तोंडाकडे बघितलं. "हात दुखून राह्यला काय तुया?"

"नाई."

"मंग काई चुकलं काय माह्यं?"

"तुमचं काई नाई चुकलं, मावशी."

पोरीला झिरो मिळाला ही गोष्ट भर बाजारात सांगायची जिजाबाईची तयारी नव्हती. मावशीच्या तोंडी पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पोहरादेवीला पोचते हे तिला माहीत होतं. ती खाली मान घालून वजनं पुसत बसली. गोमतीबाईने पिशवी उलटी केली, मिरच्या पोत्यावर परत ओतल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. "काटेतोलच घ्याचं असन तं बाजूच्याकडून घेईन. तिथं आकडा तरी दिसते." आणि ती खरंच चार पावलांवरच्या दुकानापुढे जाऊन बसली, पाठ इकडे करून.

"आई, टाक ना वर," उज्ज्वला कळवळून म्हणाली. "बलाव मावशीले."

"चूप. दांडीकडं पाय."

जिजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते मिरचीचं आहे असं कोणीही समजलं असतं. पुढच्या बाजाराला आणखी तीन-चार गिऱ्हाइकं तुटली. कोणीतरी जाता जाता म्हणालं, पोरगी नर्स होऊन राह्यली, आता कायची वर देते थे. ते ऐकून तिला उठून जाब विचारावासा वाटला. ती बसून राहिली. संध्याकाळी उरलेली भाजी एसटीच्या टपावर चढवताना पुंजाजीने पहिल्यांदाच कुरकुर केली नाही.

फेरपरीक्षा नेमकी तिसऱ्या बाजाराच्या दिवशी आली. सकाळी उज्ज्वला न खाता निघाली. जिजाबाईने आग्रह केला नाही, फक्त तिचं उजवं मनगट क्षणभर हातात धरून ठेवलं.

दुपार सरेना. गिऱ्हाईक आलं की जिजाबाई तोलायची, पैसे घ्यायची, आणि नजर शाळेकडच्या रस्त्याला लावायची. पोरीने सात मिनिटांत काय केलं असेल? आपण जन्मभर शिकवलेलं पंधरा दिवसांत पुसलं जातं काय? साडेतीनच्या सुमाराला गर्दीतून दोन पांढरे ड्रेस येताना दिसले. उज्ज्वला आणि तिची मैत्रीण रीता. उज्ज्वलाच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. जिजाबाई उभी राहिली, तिच्या मांडीवरचे टमाटे घरंगळत रस्त्यावर गेले.

"पास!" रीता लांबूनच ओरडली. "काकू, साऱ्या पायऱ्यांवर खुणा! चांदनीवरबी खूण!"

जिजाबाई जशी उठली तशीच खाली बसली.

रीताला दम निघत नव्हता. "मॅडमनं मले लेकराची माय केलतं. बाहुली मांडीवर देल्ली आन् कानात सांगतलं, थे रेघेवर थांबली का तू रडजो, वर टाक म्हनजो. हिले काईच माहीत नोतं. ही गुडघ्यावर बसली, रेघेवर थांबली. मी लागली रडाले. सिस्टर, लेकरू तापानं फनफनून राह्यलं, जरासं वर टाका ना! लय रडली मी, काकू. खरं पानी आनलं डोयात."

"मंग?"

"मंग ही म्हंते, ताई, भाजी असती तं तुमी मागाच्या आंधीच वर टाकलं असतं मी. पन हे औषध हाये. रेघेवर आलं तेवढंच तुमच्या लेकराचं. त्याच्यावरचा थेंब त्याचा नाई. मॅडम लिवता लिवता थांबल्या. मंग सिरिंजनं मोजलं. पाच!"

जिजाबाईने पदर तोंडाला लावला आणि भर बाजारात, कोणाची भीड न ठेवता रडली. पंधरा दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. आपला हात वाईट नव्हता, आणि पोरीने तो टाकूनही दिला नव्हता. कुठे आवरायचा तेवढं ती शिकली होती. जिजाबाईला इतकं हलकं वाटलं की समोरच्या टोपल्यासुद्धा रिकाम्या झाल्यासारख्या वाटल्या.

शेजारच्या दुकानापुढे बसलेल्या गोमतीबाईने सगळं ऐकलं होतं. म्हातारी गुडघे धरत उठली आणि तरातरा येऊन पुढ्यात बसली. "एवढी गोष्ट होती आन् मले सांगतली नाई? वीस वर्साची गिऱ्हाईक मी, आन् मी कोनी परकी काय? दोन बाजार झाले, थ्या काटेवाल्याच्या शिळ्या मिरच्या खाऊन राह्यली तुह्यापायी!"

"चुकलं, मावशी."

"चुकलंच. दे आता. पावशेर."

जिजाबाईने डोळे पुसले, हसत हसत तराजू उचलला. पावशेराचं वजन टाकलं, मिरच्या टाकल्या. दांडी डोळ्यांसमोर धरली. दोन मिरच्या आणखी टाकल्या, दांडी जराशी कलली. तिने वाकून एक मिरची काढली. अजून कललेली वाटली, तेव्हा दुसरी लहानशी बघून तीही काढली. दांडी सुतासारखी सरळ झाली, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं. गोमतीबाई तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

उज्ज्वला आईशेजारी पोत्यावर वाकली. पांढऱ्या बाहीतला हात टोपलीत घातला, मूठभर मिरच्या उचलल्या आणि पारड्यात टाकल्या. पारडं खाडकन पोत्याला टेकलं.

"आई," ती म्हणाली, "परीक्षा माही होती."